‘७२ तास काही सांगता येत नाही’: पक्षाघातानंतरच्या भाकितांचा आढावा

पक्षाघाताचा रुग्ण आयसीयूत गेला की बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना पहिलं उत्तर बहुधा एकच मिळतं: ‘७२ तास काही सांगता येत नाही.’ मुंबईतलं मोठं रुग्णालय असो की तालुक्याचं नर्सिंग होम, वाक्य बदलत नाही. डॉक्टर अंग काढून घेताहेत असा संशय येतो आणि अधूनमधून तो खराही असतो. पण गेल्या तीसेक वर्षांचं संशोधन पाहिलं तर हे वाक्य जेमतेम निम्मं खरं ठरतं. काही गोष्टी पहिल्या तासातच सांगता येतात, काही तिसऱ्या दिवशी, काहींसाठी तीन महिने थांबावं लागतं. आणि काही प्रश्नांची उत्तरं घाईने दिली तर ती घाईच रुग्णाच्या जिवावर उठते.

‘पेशंट कसा होईल?’ हा प्रश्न मुळात एक नाहीच. जगेल का, आहे त्यापेक्षा बिघडेल का, स्वतःच्या पायांनी संडासला जाईल का, उजव्या हाताने घास घेईल का, नाव घेऊन हाक मारेल का, पुन्हा दुकानात बसेल का, असे ते वेगवेगळे प्रश्न आहेत. प्रत्येकाचं उत्तर मेंदूतल्या वेगळ्या गोष्टीवर ठरतं आणि वेगळ्या दिवशी हाती येतं. डॉक्टर आणि नातेवाईक यांच्यातले निम्मे गैरसमज हे प्रश्न एकत्र कालवल्याने होतात, असं मला वाटतं.

सुरुवातीच्या तासांत काय कळतं ते आधी पाहू. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आणि उपचार झाले नाहीत, तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, हा अमेरिकी न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांचा २००६चा हिशेब. सरासरी हा शब्द इथे महत्त्वाचा. मेलेल्या भागाभोवती एक पट्टा असा असतो की जो बंद पडलेला असतो पण मेलेला नसतो. शेजारच्या छोट्या रक्तवाहिन्या त्याला जेमतेम रक्त पुरवत असतात. ही आडवाटेची वाहतूक कुणाची चांगली असते, कुणाची नसते. म्हणून एकाचा मेंदू दोन तासांत हातचा जातो आणि दुसऱ्याचा दहा तासांनंतरही वाचवण्याजोगा राहतो. २०१८च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन’ आणि ‘डिफ्यूज-३’ या चाचण्यांनी हेच दाखवलं. निव्वळ घड्याळाकडे न पाहता स्कॅनवर वाचण्याजोगा भाग किती आहे हे पाहून रुग्ण निवडले, तर गुठळी ओढून काढण्याचा उपचार काही जणांना १६ ते २४ तासांपर्यंतही उपयोगी पडतो. यावरून ‘मग सकाळी नेऊ’ असं मात्र कुणी ठरवू नये. उशिरा चालणारे हे रुग्ण निवडक असतात.

त्याच वेळी खाटेपाशी एक मोजणी होते. शुद्ध, नजर, चेहरा, हात-पाय, वाचा, संवेदना तपासून ० ते ४२ असे गुण देतात. जितके गुण जास्त तितका घाव मोठा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची ही मोजपट्टी आज जगभर चालते. भाकिताची पुढची जवळजवळ सगळी सूत्रं या आकड्यावर आणि रुग्णाच्या वयावर उभी आहेत. बाकीचं, म्हणजे मधुमेह, हृदयाची अनियमित लय, रक्तातली साखर, आधीचं अपंगत्व, ही त्यावरची भर.

या मोजपट्टीला एक तिरपेपणा आहे, तो सांगायला हवा. तिच्यात वाचेला बरेच गुण असल्यामुळे डाव्या मेंदूचा घाव मोठा दिसतो आणि तेवढाच उजव्या मेंदूचा घाव लहान. लहान मेंदूतला घाव तर आणखी फसवा. गुण दोन-तीनच मिळतात, रुग्ण बोलत असतो, फक्त त्याला उभं राहता येत नाही आणि सारखी उलटी होते. ‘ॲसिडिटी झाली, चक्कर येतेय’ म्हणून असा रुग्ण घरी परत पाठवला जाण्याचा धोका खरा आहे, कारण तिथे सूज आली तर तिला पसरायला जागा नसते आणि ती थेट मेंदूच्या देठावर दाब देते.

रोगाचं वजन किती आहे याचा अंदाज मुंबईच्या एका पाहणीतून येतो. डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी शहराच्या एका भागात घरोघरच्या लोकसंख्येवर आधारलेली नोंद ठेवली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. २५ वर्षांवरच्या दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला पक्षाघात झाला होता आणि त्यातले ३० टक्क्यांच्या आसपास रुग्ण २८ दिवसांत दगावले होते. त्यानंतर उपचार पुष्कळ सुधारले आहेत, पण ते वेळेत मिळणाऱ्यांसाठी.

आता बिघाडाकडे. ‘आला तेव्हा बरा होता, इथे आणल्यावर बिघडला’ ही तक्रार प्रत्येक रुग्णालयाने ऐकलेली असते. तिच्यामागे निदान चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. सर्वांत जास्त भांडणं ज्यावरून होतात तो प्रकार लहान रक्तवाहिनीचा. रात्री हात डोक्यापर्यंत जात होता, सकाळी तो लुळा पडलेला असतो. मेंदूच्या खोल भागातली बारीक वाहिनी पायरीपायरीने बंद होत जाते, आणि योग्य औषधं चालू असतानाही हे घडतं. नातेवाइकांना सलाइनमधून काहीतरी चुकीचं दिलं असं वाटतं. कुणाचा घाव असा वाढेल हे ओळखण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले, पण भरवशाचं सूत्र अजून हाती नाही. अशा रुग्णाबाबत पहिल्याच दिवशी ‘दोन-तीन दिवस प्रकृती आणखी बिघडू शकते’ एवढं सांगून ठेवणं हाच त्यातल्या त्यात प्रामाणिकपणा.

दुसरा प्रकार सुजेचा. मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीचा सगळा प्रदेश मेला, तर दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान तिथे सूज वाढते. कवटी हाडाची, ती ताणत नाही. इथे तरुण रुग्ण जास्त अडचणीत येतो, कारण म्हाताऱ्याचा मेंदू थोडा आकसलेला असल्याने सुजेला जरा जागा मिळते. नव्वदच्या दशकातल्या जर्मन नोंदींत अशा रुग्णांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास मरत होते. कवटीचं हाड काढून मेंदूला बाहेर फुगायला जागा द्यायची, असा उपाय युरोपातल्या तीन चाचण्यांनी तपासला आणि २००७ साली त्यांचे निकाल एकत्र करून मांडले गेले. ६० वर्षांपर्यंतच्या रुग्णांत ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया केली तर ७८ टक्के जगले, न केली तर २९ टक्के. वैद्यकशास्त्रात इतका मोठा फरक क्वचित दिसतो.

म्हणजे या रुग्णाच्या बाबतीत ‘७२ तास थांबू’ हे वाक्य सावधपणाचं नाही, घातक आहे. भाकीत पहिल्या दिवशीच करावं लागतं. रुग्ण अजून बोलत असताना, डोळे उघडे असताना, स्कॅनवरचा मेलेला भाग किती मोठा आहे हे पाहून सर्जनला बोलवावं लागतं. न्यूरोसर्जन नसलेल्या गावात तर रुग्ण शुद्धीत असतानाच पुढे पाठवावा लागतो, आणि नेमकं तेव्हाच घरच्यांना ते पटत नाही.

साठीनंतरचं चित्र वेगळं आहे. २०१४च्या ‘डेस्टिनी-२’ चाचणीत ६१ वर्षांपुढच्या रुग्णांचे मृत्यू शस्त्रक्रियेने ७० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आले. पण वर्षभरानंतर एकही जण स्वतःचं सगळं स्वतः करण्याइतका बरा नव्हता. वाचलेल्यांतले बहुतेक दुसऱ्यावर अवलंबून होते, अनेक अंथरुणाला खिळून. इथे आकडे फक्त पर्याय दाखवतात. निर्णय त्या माणसाला कसं जगणं चाललं असतं यावर ठरतो आणि ते घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नसतं.

तिसरा बिघाड छातीचा. गिळण्याची क्रिया बिघडलेली असते आणि माणूस मात्र घोट मागत असतो. परिचारिका पाठमोरी झाली की प्रेमापोटी दोन चमचे नारळपाणी, पेज, चहा तोंडात घातला जातो, तो फुप्फुसात उतरतो आणि चौथ्या दिवशी ताप चढतो. वय, घावाची तीव्रता आणि गिळण्याची अडचण यांवरून न्यूमोनियाचा धोका बऱ्यापैकी आधी सांगता येतो. धोका कळला म्हणून सगळ्यांना आधीच अँटिबायोटिक द्यावं का, हे नेदरलँड्समध्ये अडीच हजारांवर रुग्णांत तपासलं गेलं. २०१५च्या त्या निकालात तीन महिन्यांनंतरच्या प्रकृतीत काहीच फरक नव्हता. तोंडाने काही देण्याआधी गिळणं तपासणं आणि गरज असेल तर नाकातून नळी घालणं, हा साधा उपाय तेवढा टिकून आहे.

क्षणभर वाचा जाऊन परत आली, हात दहा मिनिटं बधिर होऊन सुधारला, या ‘छोट्या झटक्या’बद्दल थोडक्यात एवढंच, की पुढच्या मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या दोन-चार दिवसांत सर्वाधिक असतो. ऑक्सफर्डमध्ये अशा रुग्णांची तपासणी आणि औषधं ताबडतोब सुरू केल्यावर ९० दिवसांतल्या पुन्हा होणाऱ्या पक्षाघातांचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. सुधारला म्हणून घरी बसलेला माणूस हाच खरा धोक्यात असतो.

या सगळ्या विषयातलं सर्वांत अवघड प्रकरण मेंदूतल्या रक्तस्रावाचं. कारण तिथे भाकीत स्वतःच रुग्णाच्या नशिबात हात घालतं. २००१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लॉड हेम्फिल यांनी १५२ रुग्णांवरून एक सोपी गुणसंख्या बांधली: शुद्धीची पातळी, रक्ताचा गोळा ३० मिलिलिटर किंवा जास्त आहे का, रक्त मेंदूच्या पोकळ्यांत उतरलं आहे का, स्राव मेंदूच्या खालच्या भागात आहे का, वय ८० किंवा त्याहून जास्त आहे का. शून्य गुणांवर महिनाभरात कुणी दगावलं नाही, तीनवर ७२ टक्के दगावले, चारवर ९७. खाटेपाशी बोटांवर मोजता येणारं असं साधन डॉक्टरांना आवडलं यात नवल नाही.

पण त्याच वर्षी सिॲटलच्या कायरा बेकर आणि सहकाऱ्यांनी एक अवघड प्रश्न विचारला. हे रुग्ण मेले ते रक्तस्रावाने, की ‘आता अर्थ नाही’ म्हणून व्हेंटिलेटर काढल्याने? ज्याचे गुण वाईट त्याचे उपचार थांबवले जातात, तो मरतो, त्याची नोंद आकडेवारीत जाते, आणि पुढच्या रुग्णाला तीच आकडेवारी दाखवून उपचार थांबवले जातात. सूत्र चुकतंय हे कळण्याची वाटच त्यामुळे बंद होते. याच कारणाने अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी पुढे सांगितलं, की आधीपासून तशी इच्छा नोंदवलेली नसेल तर उपचार मर्यादित करण्याचे निर्णय निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत लांबवावेत, आणि अशी गुणसंख्या हाच एकमेव आधार धरू नये.

आपल्याकडे व्हेंटिलेटर काढण्याचा कागद क्वचितच होतो. त्याऐवजी ‘घरी घेऊन जा, सेवा करा’ असं कानावर येतं, किंवा डिपॉझिट संपतं आणि नातेवाईक सही करून रुग्ण हलवतात. चक्र तेच, फक्त आपल्याकडे त्याची नोंद होत नाही. म्हणून परदेशी सूत्राने सांगितलेली मृत्यूची टक्केवारी इथे ऐकताना ती किती रक्तस्रावाची आणि किती थांबलेल्या उपचारांची, हे विचारायला हवं. त्यात रक्तस्रावाच्या रुग्णाचा पहिला दिवस तसाही अस्थिर असतो. १९९७च्या एका अमेरिकी अभ्यासात तिघांपैकी एकाहून जास्त जणांचा रक्ताचा गोळा पहिल्या दिवसातच वाढला होता. पहिल्या स्कॅनवरचं भाकीत दुसऱ्या स्कॅनवर जुनं होऊ शकतं, दोन्ही दिशांनी.

‘आशा नाही’ अशी एक रेषा गुठळीच्या पक्षाघातातही अलीकडे पुसली गेली. स्कॅनवर मेंदूचा मोठा भाग आधीच मेलेला दिसला तर गुठळी काढण्यात अर्थ नाही, असं बरीच वर्षं मानलं जाई. अशा रुग्णांना आधीच्या चाचण्यांत जवळजवळ जागाच नव्हती. २०२२ ते २०२३ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या, जपान, चीन आणि अमेरिकेसह इतर देशांतल्या चाचण्यांनी नेमके हेच रुग्ण घेतले. अमेरिकेतून चाललेल्या ‘सिलेक्ट-२’मध्ये उपचार घेतलेल्यांतले सुमारे २० टक्के स्वावलंबी झाले, न घेतलेल्यांतले ७ टक्के. पाचात एक हा आकडा थोर नाही, पण ‘आशा नाही’ या शिक्क्याखाली तो दडलेला होता.

मग अनुभवी डॉक्टरांच्या नजरेवरच विसंबावं का? कॅनडात गुस्तावो सापोस्निक यांच्या गटाने शंभराहून अधिक डॉक्टरांना खऱ्या रुग्णांची माहिती देऊन अंदाज करायला लावले. मृत्यू किंवा अपंगत्वाची शक्यता सांगताना त्यांचा अंदाज साधारण सहांत एकदा बरोबर आला. सूत्राने त्यांना सहज हरवलं. हे वाचून डॉक्टरांवर हसण्याआधी लक्षात घ्यावं, की त्यांच्यापुढे रुग्ण नव्हता, कागद होता. तरीही ‘वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो’ या वाक्याचा भाव त्या अभ्यासाने बराच उतरवला. उलट बाजूने, सूत्र जमावाबद्दल बोलतं. शंभरात साठ जण चालतील हे खरं असलं तरी खाटेवरचा माणूस साठांतला की चाळिसांतला, हे सूत्राला माहीत नसतं. संगणकाला हजारो स्कॅन दाखवून केलेली नवी मॉडेलंही वय आणि घावाची तीव्रता या दोन जुन्या खांबांच्या फार पुढे गेलेली नाहीत. शिवाय ती ज्या रुग्णांवर शिकली, ते उशिरा पोचलेले, स्वतःच्या खिशातून पैसे भरणारे रुग्ण नव्हते.

सुधारणेचं भाकीत हा निराळा आणि काहीसा आनंदाचा विषय. कोपनहेगनमध्ये नव्वदच्या दशकात हजाराहून जास्त रुग्ण आठवड्याआठवड्याने तपासले गेले. ९५ टक्के रुग्णांनी रोजच्या कामांतली आपली सर्वोत्तम पातळी साडेबारा आठवड्यांत गाठली होती. ‘जे काही यायचं ते तीन महिन्यांत’ हे वाक्य तिथून पसरलं आणि त्याचा फार दुरुपयोग झाला. तीन महिन्यांनी फिजिओथेरपिस्टला नमस्कार करून हात गळ्यात बांधून ठेवणारी माणसं प्रत्येकाच्या नात्यात असतील. त्या अभ्यासाने नैसर्गिक चढ कधी मंदावतो ते सांगितलं. त्यापुढे कसून सराव केला तर काय होतं, हा त्याचा प्रश्न नव्हता. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये पक्षाघाताला बरेच महिने किंवा वर्षं उलटलेल्या लोकांना तीन आठवड्यांत मिळून ९० तासांचा हाताचा सराव दिला, तेव्हा त्यांच्यातही मोजण्याजोगी सुधारणा झाली आणि ती टिकली. आपल्याकडे आठवड्याला दोनदा अर्धा तास मिळणाऱ्या फिजिओथेरपीवरून ‘आता सुधारणा थांबली’ म्हणणं म्हणूनच अन्यायाचं.

तीन महिन्यांच्या वाक्यासारखाच ७० टक्क्यांचा नियम. २००८ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी मांडलं, की हाताची जितकी हालचाल गेली असेल तिच्या ७० टक्के तीन महिन्यांत परत येते, उपचार कुठलेही असोत. फक्त सर्वांत जास्त जखमी झालेल्यांपैकी काही जण या नियमात बसत नाहीत. भौतिकशास्त्रासारखा नियम सापडल्याचा उत्साह दहा वर्षं टिकला. पुढे २०१९ साली संख्याशास्त्र जाणणाऱ्या दोन गटांनी तो उलगडून पाहिला. सुधारणा म्हणजे शेवटचे गुण वजा सुरुवातीचे गुण, आणि तिची तुलना करायची ती परत सुरुवातीच्याच गुणांशी. तेव्हा शेवटचे गुण चिठ्ठ्या टाकून ठरवले तरी दोन्हींत घट्ट संबंध दिसेल. त्यात हाताच्या हालचालीची मोजपट्टी ६६ गुणांवर संपते, म्हणजे चांगल्या रुग्णांना वर जायला जागाच नाही. रुग्ण सुधारत नाहीत असा याचा अर्थ नव्हे. पण ७० हा आकडा नातेवाइकांना सांगण्याजोगा मात्र उरला नाही.

वाचेचं भाकीत हाताहून कठीण, कारण ती मेंदूत पसरलेली असते आणि सुधारणा वर्षानंतरही रेंगाळत चालू राहते. इथे एक भारतीय अभ्यास आवर्जून सांगावा असा आहे. हैदराबादच्या निजाम इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी यांच्या गटाने ६०८ रुग्ण पाहिले, निकाल २०१६ साली आले. पक्षाघातानंतर स्मरण आणि विचारशक्ती शाबूत राहिलेले लोक एकभाषिकांत सुमारे २० टक्के होते, तर एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत ४० टक्के. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोघांत सारखंच. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि नोकरीत इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचं भाकीत करताना ही गोष्ट कुठल्याही पाश्चात्त्य गुणसंख्येत धरलेली नसते.

राहिला हात, आणि इथे शास्त्र सर्वांत पुढे गेलं आहे. नेदरलँड्समधल्या गेर्ट क्वाकेल यांच्या गटाने २०१० साली दाखवलं, की ७२ तासांच्या आत रुग्ण बोटं थोडी तरी सरळ करू शकत असेल आणि खांद्यातून हात बाजूला उचलू शकत असेल, तर सहा महिन्यांनी हाताला काहीतरी कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही जमत नसेल तर २५, आणि नवव्या दिवसापर्यंतही जमलं नाही तर १४. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये कॅथी स्टिनिअर यांनी याची पायऱ्यांची पद्धत बांधली. तिसऱ्या दिवशी खांदा आणि बोटं यांच्या ताकदीला प्रत्येकी पाचपैकी गुण द्यायचे. बेरीज पाच किंवा जास्त आली तर वय पाहून उत्तर तिथेच मिळतं, यंत्र लागत नाही. कमी आली तरच डोक्यावर चुंबकीय स्पंद देऊन मेंदूचा निरोप मनगटापर्यंत पोचतो का ते पाहायचं. तीन महिन्यांनंतरच्या हाताबद्दलचं हे भाकीत चारांपैकी तिघांत बरोबर येतं.

त्याचा उपयोग काय, तर ऑकलंडच्या थेरपिस्टना हे भाकीत आधी सांगितल्यावर रुग्ण सरासरी १७ ऐवजी ११ दिवसांत घरी गेले, हाताचं नुकसान न होता. ज्याचा हात येणार आहे त्याच्याकडून तो कसून वापरून घेतला. ज्याचा येण्याची शक्यता नाही त्याला एका हाताने शर्ट घालायला, भाकरी मोडायला लवकर शिकवलं. भारतात १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत घरच्यांना शिकवून घरीच पुनर्वसन करून पाहिलं. २०१७चा निकाल निराश करणारा होता: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के मृत किंवा परावलंबी. कुटुंबाची माया आणि थोडं प्रशिक्षण एवढ्याने भागत नाही, हे त्यातून कळलं. कुणावर किती तास खर्च करायचे हे ठरवून पाहण्याचा प्रयोग तो नव्हता. जिल्हा रुग्णालयातला फिजिओथेरपिस्ट दिवसाला जितक्या रुग्णांकडे पोचतो त्यांच्यात हे ठरवणं अटळ आहे, आणि तिसऱ्या दिवशी खांदा आणि बोटं तपासून केसपेपरवर दोन आकडे लिहायला त्याला पाच मिनिटंही लागणार नाहीत.